सरळकाकांचा पट्टा

पोलीस वर्कशॉपातल्या रंगाऱ्याला सगळे सरळकाका म्हणत. गस्तीच्या गाडीवर ते हातानं असा पट्टा ओढत, की सुतारानं गुण्या लावून बघावा आणि गुमान परत जावं. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, श्वास रोखून, एका दमात.

गाड्यांनी तरी किती सोंगं घेतली! काळी-पांढरी, मग निळी, मग पिवळ्या पट्ट्याची. साहेब बदलला की रंग बदलला. काकांचं लग्न काळ्या-पांढऱ्यात झालं. काकू गेल्या त्या पिवळ्या पट्ट्याच्या वर्षी. तेव्हापासून घरात बोलायला भिंती. सुट्टीच्या दिवशीही काका वर्कशॉपातच सापडायचे.

आणि एक दिवस चौकड्यांचे तयार स्टिकर आले.

"काका, पांढरा रंग तेवढा मारा," साहेब म्हणाले. "परवा पाहणी आहे. स्टिकर टिकले तर तुम्ही स्टोअरला. नाही टिकले, तर तुमचा ब्रश आहेच."

दुसऱ्या दिवशी स्टिकर लावणारी बाई आली. तिनं दारावरून बोट फिरवलं. "वाळलाय ना, काका?"

मेकॅनिकनं मागून डोळा मारला. "हो म्हणा की! देव देतोय, तर झोळी कशाला झाकता?"

काकांनी नुसती मान हलवायची होती. मग त्यांनी दाराच्या कडेला अंगठ्याचं नख टेकवलं. बारीक खूण उमटली.

"वरून वाळलाय, बाई. आत कच्चा आहे. आज लावलंत तर उन्हात फोड येतील. आठ दिवस थांबा."

"आणि पाहणी?"

"साहेबांना मी सांगतो."

साहेबांनी त्यांनाच झापलं, पण पाहणी पुढे ढकलली. आठ दिवसांनी स्टिकर कातडीसारखे बसले. एक फोड नाही.

"शेवटची चौकडी तुम्ही लावा ना," बाई म्हणाली.

"नको, हात थरथरतो," काका म्हणाले. तो कधीच थरथरला नव्हता.

स्टोअरच्या खोलीला खिडकी नाही. नव्या गाड्या फाटकाबाहेर पडतात, त्यांचा नुसता आवाज येतो. काकांना चार दिवसांत प्रत्येक खोका पाठ झाला. पण कोणी नट मागायला आलं, की ते आधी वरचे खोके उतरवतात, मग खालचे.

"घाई नाही ना?" ते विचारतात. "सापडेल, सापडेल. टेका जरा."