मी हाक मारलीच नव्हती

भूतबाधा, भानामती... यातलं काही मी कधी मानलं नाही, आज म्हातारपणीही मानत नाही. तरी हे एकदाचं लिहून टाकतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. परभणीजवळ पेडगावला मी थोरल्या बहिणीकडं – अक्काकडं – राहायचो. नुकतीच विशी लागलेली. ज्वारी हुरड्यात आली की दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून, ओरडून पाखरं हाकलायची हे माझं काम. म्हणून घसा दुखायला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. "वरडून वरडून बसलाय," दाजी म्हणाले. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. जरा बरं वाटायचं, परत दुखायचं. महिना गेला. मग एका बाजूनं कानापर्यंत कळ जायला लागली, ताप भरला.

"परभणीला दवाखान्यात दाखवून ये की," अक्का म्हणाली.

"आन् राखण कोण करील?" म्हणून मी शेतात गेलो.

त्या दुपारी माळ्यावर उभं राहवेना. खाली उतरलो, बांधावर बसलो. तोंड बोटभर उघडेना. थुंकी गिळता येईना, ती नुसती गळत होती. श्वास घुरघुरायला लागला. हाक मारायला गेलो – नुसती हवा! आसपास माणूस नाही, गाव लांब. उठताना तोल गेला आणि तसाच पडून राहिलो. आता संपलं, असंच वाटलं...

तेवढ्यात गाडीचा खडखडाट. दाजी बैल पिटाळत होते, अक्का गाडीत उभी.

परभणीच्या डॉक्टरांनी जीभ दाबून पाहिलं. टॉन्सिलशेजारी पू साठला होता. चीर देऊन काढला, मग अक्कावर रागावले. "महिनाभर दुखतंय तर तेव्हाच आणायचं! आणि गिळता येईना, तोंड उघडेना, दम कोंडला, की त्याच घडीला. थोडा उशीर झाला असता तर गेला होता."

"ह्यानं हाक मारली तसं निघालोच की, साहेब. 'अक्का, गाडी जुंप!' दारातनं आली हाक. शेजारणीनं बी ऐकली."

डॉक्टरांनी माझ्या घशाकडं बोट दाखवलं आणि ते एकदम दखनीत बोलले. "ये पुकारा? इसके हलक से तो आवाज इच नै निकलती."

ते शब्द माझ्या मनात तरी आले होते का? खरंच आठवत नाही. पुढं कितीदा अक्काला सांगितलं, मी हाक मारलीच नव्हती. ती चिडायची. "मग मी कुणाच्या हाकंवर आले रे?"

अक्का आता नाही.