काचेवरचा कागद

नातीच्या वाढदिवसाला लेकीने कासवाचं पिल्लू आणलं, लिंबाएवढं. कॅनडातल्या या घरात दिवसभर मी एकटीच असते, म्हणून त्याचं घर मांडायचं काम माझ्याकडे आलं. काचेच्या पेटीत ओलसर माती पसरली, एका कोपऱ्यात उबेचा दिवा लावला, सावलीसाठी फुटकी कुंडी पालथी घातली आणि पाण्याची उथळ बशी ठेवली.

पिल्लू यातल्या कशाकडेच बघेना. ते काचेपाशी जाऊन पुढच्या पायांनी खरवडत राही. पलीकडची खोली त्याला दिसत होती, मधली काच कळत नव्हती. दोन दिवस घरात तेवढाच आवाज होता. "अरे, दमशील," मी मोठ्याने म्हणाले, आणि लक्षात आलं, सकाळपासूनचं हे माझं पहिलंच बोलणं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, काचेला खालून चार बोटं कागद चिकटव. बाहेरचं दिसलं नाही की थांबेल."

चिकटवला. खरंच थांबलं. दिव्याखाली डोळे मिटून बसलं. त्याला घर आवडलं, असं नातीला वाटलं. घर आवडणं आणि वाट दिसेनाशी होणं, यातला फरक बाहेरून पाहणाऱ्याला कळत नसावा.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. लेक तिला सांगत होती, "आई मजेत आहे, मावशी. हल्ली परत जायचं नावही काढत नाही." मग फोन माझ्या हातात आला.

"खरं का गं, ताई?"

"हो," मी म्हणाले. तिथल्या माझ्या अंगणातल्या जास्वंदीचं विचारायचं होतं, ते विचारलं नाही.