गल्ली शांत झाली आणि कान वाजत राहिला

मी बटण दाबलं तेव्हा मशीनमधून कसलाच आवाज येत नव्हता.

सुरतच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी गेलो होतो, तिथे कान तपासायची एक छोटी खोली आहे. कपाटाएवढीच म्हणा. भिंतींना आतून भोकाभोकांचे पुठ्ठे लावलेले, दार जाड, मधे एक स्टूल. कानांवर हेडफोन बसवतात आणि हातात बटण देतात. बारीक जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. कोणता आवाज किती मोठा केल्यावर आपल्याला ऐकू येतो, ते त्यात मोजतात.

काचेपलीकडे बसलेल्या बाई मशीन चालवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी दार उघडलं.

"भाई, मैंने अभी तक कुछ बजाया ही नहीं. तुम किस पर बटन दबा रहे हो?"

मला तर ऐकू येत होतं. बारीक, ताणलेला, एकसुरी. त्या खोलीत तो इतका स्वच्छ ऐकू येत होता की तो हेडफोनमधूनच येतोय असं मी धरून चाललो होतो. कान वाजतोय हे कळत असूनही तोपर्यंत मनात कुठेतरी आशा होती की बाहेर कुठली तरी मोटर चालू असते आणि आपले कान जरा जास्त तिखट आहेत. त्या स्टुलावर बसल्या बसल्या ते संपलं. आवाज माझ्यात होता.

डॉक्टरांनी कागदावरचा आलेख पाहिला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जाऊन पुढे खाली उतरली होती. ते म्हणाले, याला टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज. कानाच्या अगदी आत केसांसारख्या बारीक पेशी असतात, मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्या मेल्या की बारीक सुराचे आवाज ऐकू येणं कमी होतं, आणि त्या रिकाम्या जागी मेंदू स्वतःच आवाज काढत राहतो.

मी विचारलं, "कब जाएगा?"

डॉक्टर म्हणाले, "जाने की राह मत देखो."

एवढंच. ते काही वाईट बोलले नाहीत. पण मी त्या वेळी तृतीय वर्ष बी.कॉम.ला होतो, परीक्षा जवळ आली होती आणि कितीतरी दिवसांत माझं एक पानही नीट वाचून झालेलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. डॉक्टरांचं ते वाक्य ऐकून मला आधी कान आठवला नाही, परीक्षा आठवली.

आता सुरुवातीपासून सांगतो. मला लिहायची सवय नाही, पण कोणाचा कान असाच वाजत असेल तर त्याला उपयोग होईल.

आम्ही सुरतच्या उधन्यात राहतो. मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. वडील, म्हणजे आबा, तरुणपणी इथे आले आणि तेव्हापासून पावरलूमवर आहेत. लूम जिथे बसवलेले असतात त्या जागेला इथे सगळे खातं म्हणतात. माझी शाळा मराठी झाली, कॉलेज गुजरातीत. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर आबांच्याच खात्यात काम, असं दोन वर्षं चाललं. खात्यात कोणी तोंडाने बोलत नाही, बोलून उपयोग नसतो. हाताने खुणा करायच्या, ओठांकडे बघायचं. बाहेर आलं की थोडा वेळ कान वाजतात. तोंड धुऊन चहा होईपर्यंत ते थांबतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

एका संध्याकाळी चहा झाला, जेवण झालं, तरी आवाज थांबला नाही. सकाळी उठलो तेव्हाही होता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. मायला मात्र कळलं, कारण मी जेवताना सारखा कानात बोट घालत होतो. तिने लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं. दोन-तीनदा सोडलं. त्याने कान चोंदला आणि आवाज उलट मोठा झाला. (डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, कानात तेल घालू नका, कोणीही सांगितलं तरी.) मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यातून थेंब आणले, ताकदीच्या गोळ्या आणल्या. काही झालं नाही.

परीक्षेसाठी मी खात्यातून सुट्टी घेतली होती, पण पुस्तक उघडलं की आवाज पुढे यायचा. ताळेबंदाची एक बाजू वाचून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत पहिली विसरायची. झोपेचंही तेच. मी चिडायला लागलो. आणि एक दिवस मायला म्हणालो, "मला वाचता येत नाही, फार आवाज आहे."

मला माझ्या कानातला आवाज म्हणायचा होता. पण तेवढं पुढे सांगायला मी बिचकलो. माय गल्लीत गेली.

आमच्या गल्लीत खोलीला खोली लागून आहे. दुपारी बायका ओट्यावर बसून साड्यांचे धागे कापतात. साडी विणून आली की तिच्या मागचे लोंबते धागे कैचीने कापायचे असतात. कैच्या चालतात आणि तोंडंही चालतात. मायने सगळ्यांना सांगितलं, "भाऊ अभ्यास करी राहिना, चूप बठा." घरात मला भाऊच म्हणतात.

गल्लीने ते मनावर घेतलं. गल्लीतला पहिला मुलगा बी.कॉम. होणार होता, ते त्यांनाही त्यांचंच वाटत होतं. बायका साड्यांचे गठ्ठे उचलून पार नळाच्या टोकाला जाऊन बसल्या. पोरांना क्रिकेटसाठी रेल्वेच्या बाजूला हाकललं. शेजारच्या सुमनमावशी, त्या परभणीकडच्या, रविवारचा सिनेमा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघायला लागल्या. त्यांच्या दारातून मी पाहिलं, आठ-दहा माणसं बिनआवाजाच्या मारामारीकडे डोळे लावून बसली होती. खात्यातली माणसं असल्याने त्यांना ओठ वाचता येत होते, त्यामुळे त्यांचं तसं अडलं नाही. माय तर भांडी फडक्यावर घासायची.

एवढी शांतता उधन्यात मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत फक्त माझा आवाज राहिला. दिवसेंदिवस तो मोठा होत गेला. मी पुस्तकापुढे बसलेला असायचो, बाहेरून सगळे बघायचे की मुलगा अभ्यास करतोय, आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असायचो. त्यांना आता कसं सांगायचं, की तुमच्या शांततेने मी मरतोय? माझी हिंमत झाली नाही. त्याऐवजी मी आबांना म्हणालो, मोठ्या दवाखान्यात जाऊ.

आबांनी खात्यातली पाळी सोडली आणि माझ्याबरोबर आले.

म्हणजे त्या दिवशी डॉक्टर "जाने की राह मत देखो" म्हणाले तेव्हा आबा माझ्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी मला विचारलं, घरी वातावरण कसं आहे. त्रास होत होता तरी मी जरा अभिमानानेच सांगितलं, की माझ्यासाठी सगळी गल्ली गप्प बसते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सबसे पहले वो बंद करो," ते म्हणाले. शांत खोलीत मेंदूला ऐकायला दुसरं काही नसतं, म्हणून तो हाच आवाज उचलून धरतो. भोवती थोडा साधा आवाज पाहिजे. पंखा, रस्ता, माणसांचं बोलणं. रेडिओची सुई दोन स्टेशनांच्या मधे ठेवली की जी खरखर येते, तीसुद्धा चालेल. आवाज दाबून टाकायचा नाही, त्याला गर्दीत बसवायचं. हळूहळू लक्ष त्याच्यावरून उठतं. याला हॅबिच्युएशन म्हणतात, म्हणजे सवय होणं. आणि लूमचं काम सोडायचं, नाहीतर उरलेलं ऐकणंही जाईल.

आबा इतका वेळ डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "यामा काय शे? कान ते सगळासनाच वाजतस."

मी म्हणालो, "सगळ्यांचे नाही वाजत, आबा."

"मना ते कवयना वाजी राहिना," आबा म्हणाले. माझा तर केव्हाचा वाजतोय. "तुना जनमना पहिलेपाईन."

मी जन्मायच्या आधीपासून.

ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. मला धीर देत होते. माणसाला कान आहे म्हणजे तो वाजणारच, सगळे तसेच जगतात, पोरगं उगीच घाबरलंय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. खात्यात सगळे खुणांनी बोलतात. खुणेने कोणी कोणाला असलं विचारत नाही.

मी डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. त्यांनी आबांनाही त्या खोलीत पाठवलं. आबा स्टुलावर ताठ बसले, बटण मुठीत धरून, परीक्षेला बसल्यासारखे. काचेतून मला दिसत होतं, बाई मशीनचं चक्र फिरवत होत्या, आणखी फिरवत होत्या, आणि आबा वाट बघत होते. बटण दाबायला त्यांना फार वेळ लागला. त्यांची रेघ माझ्यापेक्षा खूप लवकर उतरली होती आणि खूप खाली गेली होती.

मला माझ्या आजाराचा जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा तो कागद बघून बसला. आबा जेवताना हाकेला ओ देत नाहीत, माणूस समोर आल्यावरच बोलतात, लग्नाकार्यात कोपऱ्यात बसतात. आम्ही म्हणायचो, आबांचा स्वभावच तसा. मी लहानपणापासून त्यांच्या स्वभावाला घाबरत आलो होतो. तो स्वभाव नव्हताच.

परत येताना आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे होतो. आबांनी विचारलं, म्हणजे बाकीच्यांना कानात काहीच ऐकू येत नाही? अगदी काहीच? मी म्हणालो, काहीच नाही.

गल्लीला सांगायचं काम मात्र माझं मलाच करावं लागलं. मी नळापाशी गेलो आणि बायकांना म्हणालो, मावशी, तुम्ही परत आमच्या ओट्यावर बसा. बोला, भांडा, काहीही करा.

सुमनमावशींनी कैची थांबवली. "आजपस्तोर तुझी आई गप बसा म्हणत होती. आता तू म्हणतोस बोला. आमी काय रेडिव हाव का रं, कान पिळला की चालू?"

मी कानाचं सगळं सांगितलं. मग एकीने म्हटलं, आमच्या ह्यांनाही रात्री कानात शिट्टी वाजते, मी म्हणायचे दारूने. बाकीच्या हसल्या, पण ती हसली नाही.

त्या परत आल्या, मी मात्र खात्यात परत गेलो नाही. पहिले काही दिवस काही फरक पडला नाही, हे मी खरं सांगतो. उलट मला राग यायचा की डॉक्टर चुकले. मग कधीतरी, आठवत नाही कधी, मी खर्चलेखांकनाचं एक प्रकरण संपवलं आणि लक्षात आलं की मधे बराच वेळ मी आवाज ऐकलाच नव्हता. तो होता. मी तिकडे गेलो नव्हतो.

परीक्षेच्या हॉलची मला सगळ्यात जास्त भीती होती. तिथे माणसं असून शांतता असते. पहिल्या पेपरला प्रश्नपत्रिका वाटून झाली आणि सगळं गप्प झालं, तसा तो वर आला. मला अंक दिसेनात. मी पेन खाली ठेवलं. त्याच्याशी भांडलो नाही, एवढंच केलं. शेजारच्या मुलाच्या पेनाची कागदावरची खरखर ऐकत बसलो, मागच्या बाकाची करकर ऐकली, बाहेरच्या रिक्षा ऐकल्या. त्यात बराच वेळ गेला. एक मोठा प्रश्न सुटलाच नाही. बाकीचा पेपर मी त्या आवाजासकट लिहिला. पुढच्या पेपरांना पेन खाली ठेवावं लागलं नाही.

मला सेकंड क्लास मिळाला. आता मी सुरतच्याच पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवतात-छापतात त्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब बघतो. मशीन तिथून लांब आहेत. आवाज आहे, आत्ता लिहितानाही आहे.

आबा अजून लूमवर आहेत. या वयात दुसरं काम कोण देणार, असं ते म्हणतात. मी कानात घालायचे रबरी प्लग आणून दिले. ते एकाच कानात घालतात. दोन्ही बंद केले तर लूममध्ये आडवा धागा नेणारा धोटा अडकल्याचं ऐकू येणार नाही, म्हणे. मी रोज दुसऱ्यासाठी वाद घालतो.

ज्यांचा कान नव्याने वाजायला लागला आहे त्यांना माझं सांगणं इतकंच, की लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा, एकटे शांत खोलीत बसू नका, आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांनाही असा आवाज ऐकू येतो का. त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं. त्या डॉक्टरांचे, मशीनच्या बाईंचे आणि आमच्या गल्लीचे उपकार माझ्यावर आहेत. ते नीट सांगायला मला शब्द नाहीत.

आमच्या घरात आता सकाळी एक नवीन गोष्ट घडते. चहा घेताना आबा माझ्यासमोर येऊन बसतात, मला ओठ दिसतील आणि त्यांना माझे दिसतील असे.

"आज मना मोठा शे," ते म्हणतात. "तुना?"

"बारीक शे," मी म्हणतो. कधी उलटंही असतं.

मग माझा कसा वाजतो आणि त्यांचा कसा, यावर आमचं थोडं बोलणं होतं. इतकी वर्षं आम्ही कशावरच एवढं बोललो नव्हतो. शेवटी माय रिकामा हंडा आणून आमच्या मधे ठेवते.

"व्हयनं का तुमनं? आते पाणी भरी ल्या. नळ जाई राहिना."