चार वेलांची पानं

चांदभाईला खोटं बोलता येत नाही, असं मी उभ्या देवपुरात छातीठोकपणे सांगत आलो. आता सांगत नाही.

आम्ही दोघं इथल्याच एका कॉलेजात. मी वनस्पतिशास्त्राचं स्टोअर सांभाळतो, तो रानातून झाडपाला आणून देतो, रोजंदारीवर. साहेबाच्या एका शब्दावर घरी बसेल अशी त्याची नोकरी. त्याची अम्मी धुळ्याच्या बाजारात जडीबुटी विकायची. एका झाडाला ओरबाडायचं नाही, दोन पानं इथली, दोन तिथली, हे तिने त्याला लहानपणी रट्टे घालून शिकवलेलं. पन्नाशी उलटली तरी गड्याचा हात दुसऱ्या तऱ्हेने चालतच नाही.

ऋतिका म्हणून एक मुलगी आमच्याकडे पीएचडी करते. तिला अनंतमुळाचा जीनोम वाचायचा होता. म्हणजे त्या वेलाच्या पेशीत जी कुंडली असते ती मशीनवर तुकड्या-तुकड्याने वाचायची आणि मग कॉम्प्युटरवर सलग जुळवायची. त्यासाठी कोवळी पानं लागतात, आणि तीही एकाच वेलाची. तिने चांदला दहादा बजावलं होतं. लळिंगकडच्या टेकडीवर दोघं गेले. चढाला तिचा पाय मुरगळला, ती खालीच बसली. वर वेल तो केवढा, सुतळीएवढा. सगळी पानं काढली तर उघडाबोडका झाला असता. चांदने चार वेलांची घेतली. एकाच जागचे, एकाच जातीचे, काय फरक पडतो? खाली आल्यावर तिने विचारलं, एकाच वेलाची ना? हा हो म्हणाला. तिनेही वहीत लिहून टाकलं की पानं आपल्यासमोर तोडली.

झालं! पानं बाहेरगावी मशीनवर गेली, वाचून झालं, आणि आठ महिने ते काही जुळेना. जुळणार कसं? चार घरच्या पत्रिका फाडून एका पिशवीत घातल्या, तर कोणत्या जोश्याला जमेल? दुसऱ्यांदा पाठवण्याएवढे पैसे नव्हते. तिचे गाईड, आमचे सर, सगळ्यांदेखत तिला म्हणाले, तुला कॉम्प्युटरच येत नाही, मार्चपर्यंत झालं नाही तर पीएचडी विसर. पोरगी वाळून काडी झाली. चांद तिच्या टेबलावरून जायचा, माझ्याकडे स्टोअरमध्ये येऊन बसायचा, आणि डबा तसाच घरी न्यायचा. एक दिवस मी खोदून विचारलं, तेव्हा सगळं ओकला.

मी असा भडकलो! राग आला की माझी अहिराणी बाहेर पडते. म्हटलं, "येडा, तुना दोन पानेस्पायी त्या पोरनी जिंदगी चालनी. नोकरी गयी ते जाऊ दे, बठ्ठं सांगी टाक तिले." सगळं सांगून टाक म्हटल्यावर तो उठला आणि थेट ऋतिकाकडे गेला.

ऋतिकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रागावली नाही. उठून दार लावलं आणि म्हणाली, "चाचा, मी समोर होते असं वहीत मी लिहिलंय. त्यावर सरांची सही आहे. हे कळलं तर माझंच सगळं खोटं ठरेल. पुन्हा कुणाला सांगू नका."

मार्चमध्ये तिने प्रबंध दिला. का जुळत नाही, तर अनंतमुळाचा पिंडच असा भेसळीचा आहे, असं त्यात लिहिलं. सरांना पटलं. आता ते छापूनही येणार म्हणतात.

ते ऐकून चांद माझ्याकडे आला. स्टुलावर बसला.

"माझ्यावर आळ आला असता तर सोसला असता, प्रेमराजभाऊ," तो म्हणाला. "तो त्या वेलावर गेला. त्याला कुठे तोंड आहे?"

सरांकडे जाऊ का, असं त्याने मला विचारलं. मी काचेतून पलीकडे बघितलं. ऋतिका कितीतरी महिन्यांनी डबा उघडून जेवत होती. सांगून टाक म्हणणारा मीच, आणि मीच त्याला गप्प बस म्हणालो.