डॉक्टरसाहेबांचा बुतो

बुतो या जपानी नाचाच्या आमच्या ब्रिस्टलच्या क्लासचे किस्से सांगायला बसले की ऐकणारे हसतात आणि मला मधेच रडू येतं. हे जाऊन वर्ष झालं, पण किस्से काही संपत नाहीत!

*

हे म्हणजे माझे यजमान, रिटायर्ड सर्जन. पार्किन्सन्सने चाल पार मंदावली, तेव्हा फिजिओ म्हणाली, "डान्स करा." चर्चच्या हॉलमध्ये सालसा असेल समजून गेलो, तर सातआठ गोरे अंगाला पांढरा रंग फासून मुंगीच्या पावलांनी भिंतीकडे निघालेले!

हे म्हणाले, "अगं, इथे मी फास्ट आहे!"

*

शिकवायला सत्तरीच्या कियोको-सान. मी विचारलं, हा नाच निघाला कुठून?

"युद्धानंतर जपानमध्ये. इतकी माणसं मेली होती की सुंदर नाचायची काहींना लाज वाटायला लागली."

टोकियोत त्यांचा पहिला प्रयोग बघायला आई आली आणि अर्ध्यातून उठून गेली. पुन्हा कधी बोलली नाही. "युरोपात लोक शेवटपर्यंत बसले," कियोको-सान म्हणाल्या, "म्हणून मी इकडेच राहिले."

*

ब्रॅकनेलहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी असंच. "मम्मी, बाबाचा फेस असा white का झाली?"

हे म्हणाले, "चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत काढली, आता कुठे गोरा झालो!"

ती हसली नाही. तिने कॅमेरा बंद केला.

*

ख्रिसमसच्या शोसाठी यांनी हट्टच धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, कुणाचाही हात न धरता.

"अहो, पडलात तर?"

"लोक टाळ्या वाजवतील!"

मी दोन दिवस बोलले नाही. आता त्या दोन दिवसांचं फार वाईट वाटतं.

*

आणि तो शो. अर्ध्यावर यांचे पाय जमिनीला खिळले. या आजारात होतं तसं. लोकांना वाटलं, डान्सच आहे. यांचे डोळे मला शोधत होते.

मला राहवलं नाही. कोट, पर्स, सगळ्यासकट स्टेजवर गेले. हात धरला नाही. घरी करते तेच केलं, यांच्या पावलापुढे माझं पाऊल आडवं ठेवलं. यांनी ते ओलांडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ओलांडलं. असं करत करत भिंत आली.

टाळ्या थांबेनात. एक बाई डोळे पुसत जवळ आली. "Beautiful! किती वेळा रिहर्सल केलीत?"

"रोज पाचसहा वेळा," हे म्हणाले, "बाथरूमला जाताना."