सावंतांच्या गाडीखालचं हिरवं डबकं

खालच्या मजल्यावरच्या सावंतांच्या गाडीखाली रोज सकाळी हिरवं डबकं साचलेलं असतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ते. चवीला गोड आणि पोटात गेलं की विष. मी बादलीभर पाण्याने धुऊन टाकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. काल सोसायटीतली मांजर त्यात तोंड घालणार, एवढ्यात मी तिला हुसकावलं.

“अहो, तो पाइप एकदा बदलून घ्या ना,” मी सावंतांना पुन्हा म्हटलं.

“थोडंसंच गळतं हो. दर रविवारी भरतो की मी.”

वैताग येतो तो याचा. गळतंय ते गळू द्यायचं, वरून ओतत राहायचं आणि त्यालाच निगा राखणं म्हणायचं. गच्चीवरच्या टाकीपासून घरातल्या अबोल्यापर्यंत आपण सगळं असंच तर चालवतो.

आज शेवटी मी गाडीशेजारी स्वच्छ पाण्याची वाटी ठेवली. मांजरीने ती हुंगली आणि पुन्हा गाडीखाली बघू लागली.

सावंत खिडकीतून पाहत होते. “झालं की मग काम,” ते समाधानाने म्हणाले. “वाटी तेवढी रोज भरत जा.”