झालंच डॉक्टर

हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलेलं, आणि डॉक्टरांनी ते घाम गाळून कमावलेलं. घाम अर्थात पेशंटांचा. खुर्चीत बसवून दिवा तोंडावर ओढला की ते प्रत्येकाला प्रेमानं सांगायचे, "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबतो." पेशंट बिचारा विश्वासानं आ वासायचा. मशीन घुंई करत दाताला भिडायचं, हात वर जायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, "झालंच!" मशीन चालूच. हात आणखी ताणला की "झालंच, झालंच!" असं दोनदा. त्या हाताचा उपयोग एवढाच, की पेशंट अजून शुद्धीवर आहे हे डॉक्टरांना कळायचं.

पण काम असं चोख, की त्यांनी भरलेला दात माणसाला पुरून उरायचा. म्हणून शिव्या घालत का होईना, अख्खं गाव त्यांच्याच बाकावर येऊन बसे. शिवाय बाकावर करमणूक होती. डॉक्टर दोन पेशंटांच्या मध्ये हात पुसत बाहेर येत आणि लोकांच्या शंकांना उत्तरं देत.

"डॉक्टर, दुखेल का हो?"

"मला? अजिबात नाही."

"दात साफ करून घेतले की हलायला लागतात म्हणे?"

"भिंतीवरचं शेवाळ खरवडलं म्हणून भिंत पडत नाही. पडलीच, तर ती शेवाळानंच धरून ठेवली होती असं समजा."

"पोराचे दुधाचे दात. पडणारच आहेत, मग ते कशाला भरायचे?"

"गाडीत रुमाल टाकून जागा धरता ना? दुधाचा दात म्हणजे तो रुमाल. तो लवकर उचलला की मागून येणाऱ्यानं बसायचं कुठं?"

"वरचा दात काढला की नजर अधू होते हे खरं?"

"चष्मा लागायचं आणि दात पडायचं वय एकच. दोघं एका गाडीनं आले म्हणून नातेवाईक होत नाहीत."

"ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून मी ब्रश सोडूनच दिला."

"उत्तम! आता केर काढताना धूळ उडाली की केरसुणी जाळून टाका. अहो, हिरडी सुजलीय ती घाण साठल्यामुळं. मऊ ब्रश घ्या, हळू फिरवा, सकाळी आणि रात्री. आणि त्यानंही थांबलं नाही तर आत या."

असा हा सुखाचा संसार चालला असताना डॉक्टरांची मुलगी शिकून दातांची डॉक्टर झाली आणि घरी आली. दवाखान्यातली अडगळीची खोली रिकामी करून तिथं तिची नवी खुर्ची बसवली. खुर्ची झकास होती, फक्त वरचा दिवा लुकलुकायचा. डॉक्टर म्हणाले, "बदलून घेऊ." मुलगी म्हणाली, "राहू द्या बाबा. आधी खुर्चीत कुणी बसू तर द्या."

कुणी बसेना. लोक तिला "बाळ, कशी आहेस?" विचारत आणि वडिलांच्या बाकावर सरकून बसत. ती हातमोजे घालून वाट बघे आणि दुपारी तसेच कोरडे काढून टाकी. शेवटी एका संध्याकाळी तिनं जेवताना सांगितलं, "दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा आहे. त्यांना पुढच्या आठवड्यात कळवायचंय. इथं माझं काही काम दिसत नाही."

डॉक्टरांनी हातातला घास ताटात ठेवला. 'जाऊ नकोस गं' एवढंच म्हणायचं होतं. पण दातांखेरीज दुसऱ्या कुठल्याही विषयावर या माणसाला वेळेवर उत्तर सुचत नसे. ते म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते." त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर कामाला लागले. "माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे," असं ते ज्याला त्याला सांगू लागले. लोक म्हणत, "असेल हो. पण आमची काही घाई नाही, आम्ही बसतो." बसले की एखादी शंका विचारत, डॉक्टरांची जीभ वळवळे, उत्तर रंगे, आणि मुलीकडे निघालेला पेशंटही परत बाकावर टेके. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

त्यातच त्यांचं स्वतःचं एक गुपित गालात दबा धरून बसलं होतं. उजवीकडची खालची दाढ किडली होती. लोकांना ते सांगत, "लवंग दुखणं झोपवते, कीड झोपत नाही," आणि आत जाऊन स्वतः गालात लवंग धरत. घरी डाव्या बाजूनं जेवत. बायको म्हणायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पोरीला दाखवा की." डॉक्टर ऐकू न आल्यासारखं करत. खरं सांगायचं तर ते जाम घाबरत होते. खुर्चीतून हात वर केल्यावर काय होतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मोठ्या हॉस्पिटलला कळवायच्या आदल्या दिवशी बाक गच्च भरला होता. डॉक्टर मध्ये उभे राहून चहा पीत शिवणवाल्या काकूंना लवंगेवरच व्याख्यान देत होते. बोलण्याच्या भरात त्यांनी कडक टोस्ट चहात न बुडवताच तोंडात टाकला, तोही उजवीकडे. कडाड! आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. डॉक्टर गाल धरून मटकन खाली बसले. तोंडातून टोस्ट, अर्धी दाढ आणि एक लवंग बाहेर आली.

काकूंनी लवंग ओळखली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "यांची पण दाढ?"

हसू दाबताना निम्म्या बाकाला ठसका लागला. निवृत्त हेडमास्तरांनी मात्र शाळेतल्या सवयीनं मुद्द्याचा प्रश्न विचारला. "आता तुम्ही कुणाकडे जाणार, डॉक्टर?"

चौकात दुसरे दातांचे डॉक्टर होते, त्यांना हे आयुष्यभर 'पक्कडवाला' म्हणत आले होते. कळ मस्तकात गेली तशी डॉक्टरांनी सरळ चपला पायात सरकवल्या आणि पक्कडवाल्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात त्यांना मुलगी दिसली. ती आपल्या खोलीच्या दारात कोरडे हातमोजे घालून उभी होती. बाप जर चौकात गेला, तर या दारातून पुन्हा कोण आत येणार होतं? डॉक्टरांनी चपला काढल्या. बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखे ते तिच्या खोलीत शिरले.

"दार लाव," ते गाल धरून पुटपुटले.

"उघडंच बरं," ती म्हणाली. "बंद दाराआड काय चाललंय याचा विचार करूनच लोकांचे दात जास्त दुखतात."

तिनं दाढ पाहिली. "पूर्ण फुटलीय बाबा, हिरडीच्या खाली. आता काढावीच लागेल. दोन महिन्यांपूर्वी आला असतात तर वाचली असती."

हेच वाक्य डॉक्टर रोज चार जणांना ऐकवत. आज पहिल्यांदाच त्यांना ते फार उद्धट वाटलं.

"दुखेल का?" त्यांनी विचारलं. विचारल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"सुई टोचताना दुखेल थोडं. मग दाब कळेल, दुखणं नाही. दुखलंच तर डावा हात वर करा, मी थांबेन."

डॉक्टरांनी डोळे मिटले. ही थाप त्यांनीच जन्माला घातली होती. सुई झाली, गाल बधिर झाला. दाढेचे तुकडे करायला मशीन सुरू झालं. त्यांना काहीही दुखत नव्हतं, तरी भीतीनं हात आपोआप वर गेला.

मशीन थांबलं.

त्यांनी एक डोळा उघडला. मुलगी हात मागे घेऊन शांत उभी होती. "दुखलं?" त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा सुरू. त्यांनी पुन्हा हात वर केला, या वेळी परीक्षा घ्यायला. पुन्हा थांबलं. मग म्हातारा लबाडीवरच आला. पाचसात वेळा त्यानं उगाच हात वर केला, आणि पाचसात वेळा मशीन मुकाट झालं. उघड्या दारातून सगळा बाक माना उंचावून हे बघत होता. इतक्या वर्षांत या घराण्याचं मशीन मध्येच थांबलेलं कुणीच ऐकलं नव्हतं.

दाढ निघाली. तिनं जागेवर कापूस ठेवला. "अर्धा तास घट्ट चावून धरा. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, बोलायचं तर मुळीच नाही."

शेवटचं पुस्तकात आहे का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं.

"ते माझं," ती म्हणाली.

बाहेर आल्या आल्या काकूंनी विचारलं, "डॉक्टर, अक्कलदाढ काढावीच लागते का हो?" डॉक्टरांच्या जिभेवर फर्मास उत्तर आलं. पण दातांत कापूस. त्यांनी नाइलाजानं डावा हात वर केला आणि मुलीच्या दाराकडे बोट दाखवलं.

"सरळ उगवली असेल, साफ करता येत असेल, तर राहू दे," मुलीनं सांगितलं. "आडवी येऊन त्रास देत असेल तर काढायची. आधी फोटो काढून बघू."

हेडमास्तर उठून तिच्यासमोर उभे राहिले. "आणि मी हात वर केला तर?"

"मी थांबेन."

हेडमास्तरांनी संशयानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी तोंडातला कापूस सांभाळत जोरजोरात मान डोलावली, इतकी, की मानेतून कळ आली. हेडमास्तर आत गेले. त्यांच्यामागे आणखी दोघं उठले. डॉक्टरांना आनंद झाला, आणि थोडा रागही आला, कारण आपला बाक रिकामा होताना बघायची त्यांना सवय नव्हती.

संध्याकाळी मुलीनं ओले हातमोजे काढून टाकले आणि म्हणाली, "बाबा, तो दिवा बदलून घ्या. लुकलुकत्या दिव्यात रोज काम नाही होणार माझ्यानं."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं दिवेवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खोलीत दिवेवाला शिडीवर चढला होता आणि इकडे डॉक्टरांच्या खुर्चीत शिवणवाल्या काकू होत्या. मशीन सुरू झालं. काकूंनी जुन्या सवयीनं, काही उपयोग नाही हे माहीत असून, डावा हात वर केला. डॉक्टरांच्या ओठांवर 'झा' आलाच होता. तेवढ्यात त्यांची जीभ दाढेच्या रिकाम्या जागेला लागली. त्यांनी पाय मशीनच्या पेडलवरून उचलला.

खोली एकदम शांत झाली. काकूंनी घाबरून डोळे उघडले, आधी थांबलेल्या मशीनकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे वाजणाऱ्या शिडीकडे कान दिला.

"काय हो डॉक्टर, त्या मेल्यानं लाइट घालवली की काय?"